आमच्या पॅरिशचा रिव्ह्यू: आधी वन स्टार दिला होता, तो एडिट करतेय

आधीच सांगून टाकते, या पॅरिशला (म्हणजे आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चला) मागच्या वर्षी वन स्टार देणारी मीच. "नवीन फादर आल्यापासून चर्चचं ऑफिस झालंय, जाऊ नका" एवढंच लिहिलं होतं, आणि रात्री अकरा वाजता लिहिलं होतं, त्यावरून काय ते समजा. डिलीट करावा की एडिट यात दोन दिवस गेले. डिलीट केला तर मी तसं कधी लिहिलंच नाही असं होतं आणि ते खोटं, म्हणून एडिट करतेय. चर्चला स्टार देणं हाच मुळात आगाऊपणा आहे हे कळतं मला, पण एकदा दिलेत ना, मग आता हिशोब पूर्ण करू.

मी एवढी का चिडले होते ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. आधीचे फादर आमच्याकडे 9 वर्षं होते. आई गेली त्या आठवड्यात रात्री दोनला फोन केला तर अडीचला दारात उभे, पायात दोन वेगवेगळ्या चपला आणि हातात आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची डबी. असा माणूस गेल्यावर जो येईल त्याचं काही खरं नसतं. नवीन फादरांनी पाण्यावर चालून दाखवलं असतं तरी आम्ही म्हटलं असतं की आधीचे जास्त सरळ चालायचे.

बदलीचं पत्र त्यांनी स्वतःच वाचलं, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी आशीर्वादाच्या आधी, लग्नाच्या घोषणा वाचतात त्याच सुरात. अर्धं चर्च रडलं. मग आम्ही सह्या गोळा केल्या, मी स्वतः दोन रविवार दाराशी वही घेऊन उभी होते, बिशपांना पाठवल्या, दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं आणि विषय संपला. तेव्हा मी रागारागात कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, वाचायला बसले, म्हटलं कुठेतरी पकडू यांना. तर 1983 च्या कायद्यात कॅनन (म्हणजे कलम) 522 म्हणतो की पॅरिश प्रीस्टला स्थैर्य हवं म्हणून नेमणूक बेमुदत करावी, वाचून मी खूश, आणि लगेच पुढे, बिशप्स कॉन्फरन्सने (बिशपांच्या मंडळाने) परवानगी दिली असेल तर ठरावीक मुदतीसाठीही करता येते. बऱ्याच ठिकाणी ती मुदत 6 वर्षं असते, म्हणजे आम्हाला तर जास्तच मिळाले होते. त्याहून मजा कॅनन 1748 मध्ये आहे. जिथे फादर उत्तम काम करतायत तिथूनसुद्धा, दुसरीकडे गरज असेल तर, बिशप त्यांना बदली सुचवू शकतात. म्हणजे "ते फार चांगले आहेत हो, नेऊ नका" असं शेकडो सह्यांनिशी लिहून आम्ही उलट त्यांना न्यायचं कारणच पुरवलं. पॅरिश कौन्सिलचं म्हणाल तर तिचं मत नुसतं सल्ल्यापुरतं, कॅनन 536, वाचून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये घसा कोरडा करणार नाही.

निरोपाच्या दिवशी कोणीतरी म्हणालं, फादर, फ्रान्समधल्या आर्स गावच्या फादरांना, संत जॉन व्हियानींना, नाही कोणी हलवलं, 1818 ला आले ते 1859 ला वारेपर्यंत तिथेच. फादर हसले, म्हणाले, तो बिचारा स्वतःच पळायला बघत होता, गावकऱ्यांनी वाट अडवून परत आणला.

असो. नवीन फादर आले. बिशप त्यांना घेऊन चर्चभर फिरले, टॅबर्नॅकल (पवित्र भाकरीची पेटी), बाप्तिस्म्याचा हौद, कन्फेशनची (पापं कबूल करायची) जागा, हे हे आता तुझ्याकडे सोपवलं अशा अर्थाचा तो विधी असतो. मी मागे उभी राहून त्यांचे बूट बघत होते. फार चकाचक होते. तेवढ्यावर माझं मत बनलं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी काय केलं, तर सूचना वाचायची वेळ पंधरा मिनिटांवरून तीनवर आणली, कॉयरला (गाणाऱ्यांना) वरच्या माळ्यावरून खाली बोलावलं, हॉलच्या किल्ल्यांची वही सुरू केली, आणि वाचकांना सांगितलं की मिस्सात बायबलमधलं पहिलं-दुसरं वाचन करणाऱ्या सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, चार शनिवार ट्रेनिंगला यायचं. आता वाचकांची यादी 9 वर्षं मी बनवत होते. यशयाची कुठली वाक्यं कुठे तोडायची हे मी पोरांना शिकवलंय. आणि मला ट्रेनिंग? मी गेले नाही. फादरांनी काही म्हटलं नाही, पुढच्या महिन्याच्या यादीत माझं नाव नव्हतं, बस. ना फोन ना निरोप. ही चूक त्यांची होती असं मी आजही म्हणते, दोन मिनिटं बोलले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्या रात्री मी माझ्या मैत्रिणीला मेसेज केला, "फादर नाही पाठवलाय, मॅनेजर पाठवलाय." आणखीही बरंच होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही मैत्रीण म्हणजे 14 वर्षांची, पोरांचं फर्स्ट कम्युनियन एकत्र केलेलं, पॅरिश कौन्सिलवर आहे. आठ दिवसांनी मीटिंगमध्ये किल्ल्यांवरून वाद निघाला तर फादर अगदी शांतपणे म्हणाले, "मॅनेजरला जरा वेळ द्या, शिकेल तो." सगळे हसले. मी हसले नाही. मैत्रीण समोरच्या खुर्चीत पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, परत काढत होती. तो शब्द मी दुसऱ्या कोणालाच लिहिला नव्हता.

फादरांचा राग त्या क्षणी संपला बहुतेक. माणसाला स्वतःबद्दलचं वाईट कळलं आणि त्याने त्याची मस्करी केली, यात रागवायला काय उरतं. पण तिचं काय करायचं ते कळेना. घरी येऊन वन स्टारचा रिव्ह्यू टाकला, तो खरं तर तिच्यासाठी होता, नाव पॅरिशचं लागलं.

पुढचे सहा महिने मी दुसऱ्या पॅरिशमध्ये जात होते. तिथलं काही वाईट नाही, गाणं तर आमच्यापेक्षा चांगलं. पण मागच्या बाकावर बसायचं, कोणी ओळखत नाही, कोणी चिडवत नाही, मिस्सा संपली की पार्किंग. कोणाशीच भांडण नाही म्हणून किती शांत वाटायचं. आणि किती कंटाळवाणं.

परत आले ते आईमुळे. तिच्या वर्षश्राद्धाची मिस्सा मी जुने फादर असतानाच बुक करून ठेवली होती, तारीख नेमकी तपकाळाच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या) तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. जायलाच लागणार. फादरांनी वेदीवरून आईचं पूर्ण नाव घेतलं, मधल्या नावासकट, आणि बरोबर उच्चारलं, जे जुन्या फादरांना 9 वर्षांत जमलं नव्हतं. आणि त्या मंगळवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा), ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, दर वर्षी तेच असतं, मत्तय 18, पेत्र विचारतो भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि मग त्या दोन कर्जदारांचा दाखला, राजाने पहिल्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, पण त्याने स्वतःचं देणं असलेल्या दुसऱ्याला सोडलं नाही.

आता सर्मनचा (प्रवचनाचा) रिव्ह्यू, कारण लोक तेच विचारतात. फादर चांगले वक्ते नाहीत. कागद धरून बोलतात, वर बघत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी जून 2024 मध्ये सांगितलं होतं की सर्मन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, आमचे अकरा घेतात. पण त्या दिवशी त्यांनी नुसता हिशोब मांडला. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार. पहिल्याचं कर्ज 10,000 तालांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. मी बाकाखाली मोबाईलवर भागून बघितलं (हो, सर्मन चालू असताना), 1 लाख 64 हजार वर्षं येतात. दुसऱ्याचं कर्ज 100 दिनार. मला वाटलं आता म्हणणार की तुमच्या मनातल्या तक्रारी किती क्षुल्लक आहेत बघा, देवाने तुमचं एवढं सोडलं वगैरे, नेहमीचं. तर ते म्हणाले, शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पगार आहे, तो काही थोडाथोडका नाही, ज्याचे बुडाले त्याला विचारा. येशू तुमच्या नुकसानीला शून्य म्हणत नाहीये. आणि बसले. एवढंच. पूर्ण तपकाळात मला कोणी "तुझं नुकसान झालंय" असं म्हटलं नव्हतं, ते या बूटवाल्या माणसाने म्हटलं.

त्याच शुक्रवारी चर्च रात्रभर उघडं होतं. पोप फ्रान्सिस यांनी 2014 पासून सुरू केलेला 'प्रभूसाठी 24 तास' हा उपक्रम, तपकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधीचा शुक्रवार-शनिवार, आराधना आणि कन्फेशन. ही सेवा पाच स्टार, आंधळेपणाने जा. आजूबाजूच्या पॅरिशचे फादरही मदतीला येतात. मी रात्री साडेदहाला गेले, दिवे अर्धे बंद, वेदीवर पवित्र साक्रामेंत (येशूचं शरीर मानतो ती भाकर), आणि चार ठिकाणी फादर बसलेले. कन्फेशन कोणाकडे करायचं हे आपल्या मर्जीवर असतं, तशी कायद्यानेच मोकळीक आहे (कॅनन 991), म्हणून मी मुद्दाम एका पाहुण्या म्हाताऱ्या फादरांच्या लांब रांगेत उभी राहिले. चाळीस मिनिटं. पुढे दोनच माणसं उरली आणि ते फादर उठले, कमरेवर हात ठेवून आत गेले, आणि त्यांच्या जागी कोण येऊन बसलं ते सांगायला नको.

निघून जावं असं वाटलं. पण मागे सात-आठ माणसं, त्यात माझी शेजारीण, आणि आता रांगेतून निघाले तर उद्या सकाळी सगळ्या पॅरिशला कळेल की हिने फादरांना बघून पळ काढला. श्रद्धेने नाही, लाजेने थांबले, हे लिहून ठेवते.

कन्फेशनची गुप्तता फादरांवर बंधनकारक असते, माझ्यावर नाही, तरी सगळं लिहिणार नाही. मी सांगितलं की फादर, मी एका फादरांबद्दल फार वाईट बोलले. जाळीपलीकडून "हं" आलं. मग सांगितलं की ते ठीक आहे पण ज्या मैत्रिणीने ते पुढे पोचवलं तिला मी क्षमा करू शकत नाही आणि करायची इच्छापण नाही. त्यांनी कोणाचं नाव विचारलं नाही, ती कोण हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि दोघांनी ते तिथेच ठेवलं. प्रायश्चित्त काय दिलं, तर एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायची. एकदाच. पण हळू, आणि 'जशी'वर थांबायचं.

मी म्हटलं हे तर फुकटात सुटले. मग बाकावर जाऊन म्हणायला घेतली आणि त्या 'जशी'वर अडकले. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, जशी आम्ही क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. म्हणजे माप मी द्यायचं आणि देवाने त्या मापाने मोजायचं. आणि माझं माप त्या घडीला काय होतं, तर तिचा नंबर म्यूट, समोर आली की रस्ता बदल, तिच्या मुलाच्या वाढदिवसाला नुसता अंगठा. पुढचा शब्द उच्चारायला मला वीस मिनिटं लागली असतील, अतिशयोक्ती नाही, घड्याळ समोर होतं.

रविवारी आमच्याच पॅरिशला गेले. मैत्रीण मधल्या वाटेच्या पलीकडे. 'आमच्या बापा' झालं आणि लगेच शांती द्यायची (आजूबाजूच्यांशी हात मिळवायची) वेळ आली. आता यातही नियम आहे, 2014 साली रोमहून पत्र आलं होतं की शांती जवळच्यांना द्यावी, जागा सोडून इकडेतिकडे फिरू नये, आणि हा नियम इतरांना ऐकवणाऱ्यांत मी पहिली. तरी गेले. वाट ओलांडून, सगळ्यांदेखत. तिने हात पुढे केला, गार पडलेला होता, "शांती असो" म्हणाली, आणि मग हळूच, "अगं तुझी पर्स उघडी आहे." होती उघडी.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल बाहेर येऊन आम्ही गळ्यात पडलो. बाहेर मी तिला म्हटलं, त्या मेसेजचं मला माहितीये. ती म्हणाली, कसला मेसेज? आणि पोराला हाक मारायला लागली. आजपर्यंत तिने कबूल केलेलं नाही. माझ्या डोक्यात परत तिडीक उठली, घरी येईपर्यंत उठत होती. मग फादरांनीच वाचायला दिलेल्या यादीतला कॅथेकिझमचा (चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा) 2843 वा परिच्छेद काढून वाचला, त्यात साधारण असं म्हटलंय की झालेला अपमान न जाणवणं किंवा विसरणं हे आपल्या हातात नाही, पण मन पवित्र आत्म्याच्या हवाली केलं तर त्याच जखमेची करुणा होते, आठवण शुद्ध होते. पहिला भाग वाचून मला जो सुटकेचा श्वास आला! म्हणजे तिडीक उठणं हे पापात धरलेलं नाही. नंबर अनम्यूट केला. दुसऱ्या भागाचं अजून चालू आहे.

तपकाळातल्या चार व्याख्यानांबद्दलही लिहिते, कारण पुढच्या वर्षीही ठेवणार म्हणतात. पहिलं बरं. दुसऱ्याला प्रोजेक्टर बंद पडला आणि फादर बावीस मिनिटं वायर शोधत होते, विषय काय होता विचारू नका. तिसरं मात्र चुकवू नका. एका बाईने उठून सरळ विचारलं, फादर, जिला घरात मार बसतो तिलाही हेच सांगणार का, क्षमा कर? हॉलमध्ये चिडीचूप. त्यांनी पोप जॉन पॉल दुसरे यांचं उदाहरण दिलं. 13 मे 1981 ला सेंट पीटर्स चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी हॉस्पिटलमधूनच त्यांनी त्या माणसाला क्षमा केल्याचं जाहीर केलं, 1983 च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी बसून बोलले. आणि तो माणूस इटलीच्या तुरुंगात कधीपर्यंत होता? 2000 पर्यंत. क्षमा केली म्हणून कुलूप लगेच उघडलं नाही. फादर म्हणाले, तू आधी सुरक्षित जागी जा, तक्रार कर, क्षमेचं आपण मग बघू, तिला घाई नसते. आणि हे चर्चमधल्यांनाही लागू, 2019 च्या पोपच्या आदेशापासून अत्याचाराची माहिती कळवणं फादर-सिस्टरांवर बंधनकारक आहे, तिथे "जाऊ दे, क्षमा कर" म्हणणं म्हणजे गप्प बसवणं, असं स्पष्ट बोलले. कागदात न बघता. मी पहिल्यांदा त्यांना कागदात न बघता बोलताना ऐकलं. चौथं व्याख्यान संत मारिया गोरेटीवर होतं, तिच्या आईने मुलीच्या खुन्याला क्षमा केली ती गोष्ट, चांगलं होतं पण वेळ फार झाला आणि मुलं झोपली.

बाकी भराभर. साऊंड सिस्टीम दोन स्टार, नेमकी अर्पणाच्या वेळी शिट्टी मारते, किल्ल्यांच्या वहीवर जेवढं लक्ष आहे त्याच्या निम्मं इकडे द्यावं. ऑफिस पाच स्टार, बाप्तिस्म्याचा दाखला दोन दिवसांत, आधी फादर भेटतील तेव्हा मिळायचा. कॉयर खाली आणल्यामुळे लोक गायला लागलेत हे कबूल करावं लागतंय, आधी आम्ही वरून गायचो आणि खालचे ऐकायचे. आजाऱ्यांच्या भेटी नियमित होतात, पण ठरलेल्या वारी, रात्री दोनला फोन करून बघितलेला नाही आणि करायची वेळ येऊ नये. फादर अजूनही निरोप न देता निर्णय घेतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, कन्फेशनच्या बाहेर, ऑफिसात बसून. ते म्हणाले, "खरंय," आणि वहीत लिहून घेतलं. वहीत!

एकूण चार स्टार. कन्फेशन शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी पाऊण तास असतं, पंधरा मिनिटं आधी या, डावीकडच्या बॉक्समधली गुडघे टेकायची फळी फार करकरते, बाहेर सगळ्यांना कळतं की कोण आत किती वेळ आहे, उजवीकडे जा. मी चारही शनिवार ट्रेनिंग केलं, एक-दोन गोष्टी नव्याने कळल्या, जास्त नाही. वाचनाला परत उभी राहते, महिन्यातून एकदा. यादी आता माझी मैत्रीण बनवते. दर वेळी मला सकाळी साडेसहाच्या मिस्सालाच टाकते. मुद्दाम टाकते का, ते विचारलेलं नाही.